कानबाईच्या गाण्यांच्या जुन्या फाइली ऑडॅसिटीत उघडल्या. जे दिसतंय त्याचा अर्थ सांगा

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. माझ्या आत्याकडे धरणगावला कानबाईच्या (आमच्या खानदेशातल्या देवीच्या) गाण्यांची एक सी-९० कॅसेट आहे. नव्वदच्या आसपासचं आमच्याच वाड्यातलं जागरण, गाणी सगळी अहिराणीत. गाणाऱ्यांपैकी निम्म्या बाया आता नाहीत. पंधराएक वर्षांपूर्वी चुलतभावाने एका दुकानातून ती कॅसेट सीडीवर करून घेतली होती, ती सीडी परवा कपाटात सापडली.

सीडीवर बाजू ए आणि बाजू बी अशा दोन मोठ्या वेव्ह फाइली आहेत, आणि एक डॉट एयूपी फाइल आहे, जेमतेम काही केबींची. शिवाय घरच्या जुन्या मोबाइलमधल्या डॉट एएमआर फाइली आणि भाचीने यंदा आयफोनवर घेतलेल्या डॉट एम४ए. हे सगळं एका जागी आणून नीट ठेवायचंय.

लॅपटॉपवर ऑडॅसिटी हा आवाज संपादनाचा प्रोग्राम टाकला. वेव्ह उघडतात. एएमआर आणि एम४ए उघडत नाहीत, एरर येते. एयूपी उघडली तर आवाज गायब असल्याची तक्रार करते. बाजू बी उघडली की दोन पट्टे दिसतात. वरच्यात सपाट रेघ, खालच्यातही जवळपास सपाटच, पण कान लावला तर गाणं ऐकू येतं. बाजू ए बरी दिसते, पण आत्याचा आवाज बारीक, पोरीसारखा लागतो. आत्या म्हणते, "हाऊ मना आवाज नही शे" (हा माझा आवाज नाही). कुठून सुरुवात करू?

केळीचं_पान (रावेर)

एएमआर आणि एम४एचं सोपं आहे. ऑडॅसिटी स्वतःहून वेव्ह, एआयएफएफ, फ्लॅक, एमपी३, ऑग एवढं वाचतं. एम४ए, एएमआर, डब्ल्यूएमए यांच्यासाठी एफएफएमपेग नावाची वेगळी लायब्ररी लागते. ती मोफत आहे. ऑडॅसिटीच्या मदत-पानावर दुवा आहे तिथूनच घ्या, गुगलवर पहिलं दिसेल ते उचलू नका. टाकून झालं की एडिट → प्रेफरन्सेस → लायब्ररीज मध्ये जाऊन सापडली का बघा, नसेल तर लोकेट दाबा. ऑडॅसिटी ६४ बिटचं असेल तर लायब्ररीही ६४ बिटचीच हवी. निम्मे लोक इथेच अडकतात.

आणि कृपा करून फाइलचं नाव बदलून .एएमआरचं .वेव्ह करू नका. पाटी बदलल्याने आतला माल बदलत नाही.

भरीतभाकर (जळगाव)

एयूपीचा नाद सोडा भो. ती फाइल म्हणजे नुसती यादी असते. नोटपॅडमध्ये उघडून बघा, एक्सएमएल मजकूर दिसेल. खरा आवाज शेजारच्या _data नावाच्या फोल्डरमध्ये असायचा, एकेक एमबीच्या बारीक बारीक .एयू तुकड्यांत. दुकानदाराने फोल्डर दिलाच नसेल तर त्या यादीतून काही निघणार नाही. २०२१ मध्ये ३.० आवृत्ती आली तेव्हापासून सगळं एकाच डॉट एयूपी३ फाइलमध्ये राहतं, म्हणून आता हा घोळ होत नाही.

बोरीकाठ

एफएफएमपेग टाकलं, एएमआर आणि एम४ए दोन्ही उघडल्या. आभार केळीचं_पान. फोल्डर सीडीवर नाहीच, तेव्हा एयूपीला राम राम. आता बाजू बी.

आखाजीची_लेक (पुणे, माहेर चाळीसगाव)

बोरीकाठदादा, कुठलाही इफेक्ट लावायच्या आधी थोडं थांबा. सीडीवरच्या फाइली आधी हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि मूळ फाइली रीड-ओन्ली करून बाजूला ठेवा. ऑडॅसिटी मूळ फाइलला हात लावत नाही, प्रत घेऊन काम करतं. पण एक्सपोर्ट करताना तेच नाव, तीच जागा दिली की मूळ फाइल गेलीच.

आता सपाट रेघ. उभी मोजपट्टी +१ ते -१ अशी असते आणि ती रेषीय असते. आवाज -४० डेसिबलला असेल तर त्याची उंची पूर्ण उंचीच्या १ टक्का. पट्टा शंभर पिक्सेलचा असला तर १ टक्का म्हणजे काय दिसणार? रेघच. आवाज आहे, चित्रात मावत नाही इतकंच. डावीकडच्या उभ्या मोजपट्टीवर उजवं क्लिक करून डीबी निवडा, गाणं लगेच वर येईल. नाहीतर त्याच मेनूतून उभा झूम वाढवा. झूम केल्याने आवाज वाढत नाही, फक्त दिसायला लागतो.

झूम केल्यावर मधली रेघ बरोबर शून्यावर आहे की किंचित वर-खाली, ते सांगा. आणि वरचा पट्टा डीबीमध्येही कोराच दिसतो का?

बोरीकाठ

ताई, खालच्यात गाणं दिसलं! पण सगळी लाट शून्याच्या थोडी वर बसलीय, अगदी सुरुवातीच्या शांत भागातही. वरचा पट्टा कोरा.

आखाजीची_लेक

मग दोन गोष्टी. दुकानात एका बाजूची वायर ढिली होती, एकच चॅनल आत आला. पट्ट्याच्या नावावर क्लिक करा, स्प्लिट स्टिरिओ टू मोनो निवडा, कोरा पट्टा काढून टाका. कॅसेट मोनोच असणार, काही गमावत नाही.

दुसरं, लाट वर बसलीय त्याला डीसी ऑफसेट म्हणतात. साउंड कार्डातून आलेला स्थिर व्होल्टेज, आवाज नव्हे. नॉर्मलाइझ इफेक्टमध्ये रिमूव्ह डीसी ऑफसेटचा चौकोन असतो, त्यावर टिक करून ठेवा. आधी ऑफसेट काढा, मगच आवाज वाढवा. नाहीतर लाटेचं वरचं टोक छताला आधी टेकतं आणि खाली जागा उरूनही आवाज पुरेसा वाढत नाही.

सातपुडा_एक्सप्रेस (शहादा)

एवढं काय बघत बसायचं? गाणं कानाने ऐकायचं असतं, डोळ्याने नाही. हल्ली आवाज साफ करून देणाऱ्या वेबसाइट आहेत. फाइल टाका, मिनिटात गाळून देतात.

आखाजीची_लेक

गाळून देतात, खरंय. त्यांतल्या बऱ्याचशा एका माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेल्या असतात. जागरणात पंधरा बाया एकदम गातात, मध्ये टाळ्या, डफ, एखादं लेकरू रडतं. ते यंत्र डफाला गोंगाट समजलं तर डफ गेला, आणि मागे बसून ओढणाऱ्या बायांच्या आवाजाचं काय होईल ते आपल्या हातात नाही. कान शेवटी लागणारच. पण पाऊण तासाच्या फाइलीत खराबी कुठे आहे हे शोधायला डोळा बरा पडतो.

बोरीकाठदादा, बाजू ए आता स्पेक्ट्रोग्राममध्ये बघा. पट्ट्याच्या नावावर क्लिक, स्पेक्ट्रोग्राम निवडा. मल्टी-व्ह्यू निवडलंत तर लाट आणि स्पेक्ट्रोग्राम वर-खाली एकत्र दिसतात. आडवा वेळ, उभी फ्रिक्वेन्सी (सूर किती उंच ते, हर्ट्झमध्ये), जिथे उजेड तिथे आवाज. आधी फक्त सर्वांत वरचा भाग कसा दिसतो ते सांगा.

बोरीकाठ

बायांचा आवाज शिडीच्या पायऱ्यांसारखा दिसतोय, एकावर एक समांतर रेघा, आणि सूर हलला की सगळ्या पायऱ्या एकदम हलतात. टाळी पडते तिथे खालपासून वरपर्यंत उभी रेघ. तासभर नुसता बघत बसलो होतो, खोटं कशाला बोलू.

वर १६ हजारांच्या पुढे एकदम काळं. कात्रीने कापल्यासारखं. आणि त्या कापाच्या जरा खाली, १५ आणि १६ हजारांच्या मध्ये, एक बारीक आडवी रेघ फाइलभर सरळ चालते. गाणं थांबलं तरी ती थांबत नाही.

आखाजीची_लेक

छान. १६ हजारावरचा सरळ काप हा कॅसेटचा स्वभाव नाही. कॅसेटचा आवाज वर जाताना हळूहळू विरतो, वर नुसती टेपची सुस्कार उरते. असा काप बहुतेक वेळा १२८ केबीपीएसच्या एमपी३चा असतो. म्हणजे दुकानात आधी एमपी३ केली आणि मग तिचीच वेव्ह करून सीडीवर दिली, असं दिसतं. फाइल मोठी झाली, गेलेलं काही परत आलं नाही. तुमच्या एएमआर फाइली बघा, त्या ४ हजाराच्या खालीच संपतील. एएमआरचा सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने) ८,००० आणि त्याच्या निम्म्यावर काही राहूच शकत नाही.

बारीक रेघेवर कर्सर नेऊन आकडा वाचा. १५,६२५च्या आसपास असेल तर ती जुन्या डब्याच्या टीव्हीची शिट्टी आहे. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीचा पडदा सेकंदाला १५,६२५ रेघा काढायचा. थोरल्यांना ती ऐकूही येत नाही, लहान पोरांना यायची.

बोरीकाठ

१५,६२५च! पण टीव्ही आमच्या वाड्यातला की दुकानातला?

पांझरेचं_पाणी (धुळे)

मी मध्ये तोंड घालतो. कॅसेट ज्या वेगाने भरली त्याहून कमी-जास्त वेगाने वाजवली तर तिच्यावरची प्रत्येक फ्रिक्वेन्सी त्याच प्रमाणात सरकते. आत्यांचा आवाज बारीक झालाय म्हणजे दुकानातला डेक (कॅसेट वाजवायचं यंत्र) जोरात पळत होता असा संशय. वाड्यातला टीव्ही असता तर त्याचीही रेघ १५,६२५वरून सरकली असती. ती जागची हललेली नाही, म्हणजे टीव्ही दुकानातला.

आता याच युक्तीने वेग काढता येईल. कॅसेट भरताना टेपरेकॉर्डर लाइटच्या बोर्डावर लावला होता का?

बोरीकाठ

हो. कानबाईच्या मंडपाला हॅलोजन होते, तिथल्याच बोर्डातून वायर ओढली होती. वडिलांना नक्की आठवतं, कारण रात्री लाइट गेली तेव्हा रेकॉर्डिंग मध्येच तुटलंय.

पांझरेचं_पाणी

मग काम झालं. घरच्या विजेची घरघर ५० हर्ट्झवर असते आणि तिच्या पटी १००, १५०, २००वर. तुमच्या फाइलीत अशी घरघर दोन वेळा शिरली असणार. वाड्यात एकदा, ती कॅसेटवर चढली. दुकानात दुसऱ्यांदा, ती थेट संगणकात गेली. दुकानातली बरोबर १५०वर दिसेल, वाड्यातली सरकलेली.

दोन्ही वेगळ्या दिसायला स्पेक्ट्रोग्रामची विंडो (एका वेळी मोजायचा आवाजाचा तुकडा) मोठी करावी लागेल. ४४,१०० सॅम्पल रेटला २०४८ची विंडो म्हणजे साधारण २१ हर्ट्झचं एक घर, त्यात १५० आणि १५५ एकातच कोंबले जातात. ३२७६८ केलीत तर घर १.३ हर्ट्झचं होतं. मात्र विंडो मोठी केली की वेळेची बाजू धूसर होते, टाळ्यांच्या उभ्या रेघा पसरट दिसतील. घाबरू नका, आवाजाला काही होत नाही. वरची मर्यादा ३०० हर्ट्झवर आणा आणि गाणं सुरू नसलेला तुकडा बघा. किंवा तो तुकडा निवडून अ‍ॅनालाइझ → प्लॉट स्पेक्ट्रम, साइझ ६५५३६.

बोरीकाठ

दोन गाण्यांच्या मधला, बाया नुसत्या बोलताहेत असा तुकडा घेतला. १५०वर एक टोक आहे. आणि दुसरं १५९वर!

पांझरेचं_पाणी

१५९ भागिले १५० म्हणजे १.०६. सहा टक्के जोरात, जवळपास बरोबर अर्धा सूर वर. हार्मोनियमवर एक पट्टी चढली. आत्या खरं बोलत होत्या.

तारतंत्री (भुसावळ)

सुंदर काम, पण एक खडा टाकतो. आयुष्य विजेच्या खात्यात गेलंय. आजची ग्रिड ५०ला धरून चालते, नियमाचा पट्टाच ४९.९० ते ५०.०५ आहे. तेव्हा तसं नव्हतं. भार चढला की फ्रिक्वेन्सी खाली बसायची आणि सरळ ४९च्याही खाली जायची. जागरण श्रावणात, पाऊस नसेल तर रात्री शेतातले पंप चालू. वाड्यातली वीज त्या रात्री ४९वर असेल तर तुमचा ५०चा हिशोब दोन टक्क्यांनी चुकला. दुसरा पुरावा हवा.

आखाजीची_लेक

तारतंत्रीकाकांचा मुद्दा बरोबर आहे. दुसरा पुरावा कॅसेटच्या लांबीत मिळेल. बोरीकाठदादा, बाजू ए शेवटपर्यंत भरलेली आहे का, आणि फाइल किती मिनिटांची आहे?

बोरीकाठ

शेवटपर्यंत. पट्टी संपल्याचा खटका फाइलीत ऐकू येतो. लांबी ४२ मिनिटं ३० सेकंद.

आखाजीची_लेक

सी-९०ची एक बाजू ४५ मिनिटांची. ४५ भागिले ४२.५ म्हणजे १.०५९. दुकानातला डेकच पळत होता.

फरक लक्षात घ्या. लांबी फक्त वाजवणाऱ्या डेकबद्दल बोलते. विजेची घरघर भरणारा आणि वाजवणारा अशा दोन्ही यंत्रांचा एकत्र हिशोब सांगते, वर त्या रात्रीची ग्रिडही त्यात मिसळलेली. दोन्ही आकडे जुळले, म्हणजे वाड्यातला टेपरेकॉर्डर आणि वीज दोन्ही त्या रात्री बऱ्यापैकी जागेवर होते. कॅसेटमध्ये पट्टी नावापेक्षा थोडी जास्तच भरलेली असते, तेव्हा अगदी दशांशाला धरून बसू नका.

तारतंत्री

मान्य. त्या रात्री पाऊस झाला असेल.

पांझरेचं_पाणी

दुरुस्तीचा क्रम सांभाळा. आधी दुकानातली घरघर नॉच फिल्टरने (नेमकी एकच फ्रिक्वेन्सी कापणाऱ्या) काढा, ५०, १००, १५०वर. ती आत्ता नेमक्या आकड्यांवर बसलीय. वेग आधी बदललात तर ती ४७ आणि १४१.५ अशा आडनिड्या जागी सरकेल. मग इफेक्टमधलं चेंज स्पीड अँड पिच घ्या, जुन्या आवृत्तीत नुसतं चेंज स्पीड. गुणक ०.९४३. चेंज टेम्पो किंवा चेंज पिच घेऊ नका, त्यांत एकच गोष्ट बदलते, आपल्याला दोन्ही हवं. झाल्यावर लांबी ४५ मिनिटांच्या आसपास आली पाहिजे. मेनूची नावं आवृत्तीप्रमाणे इकडेतिकडे असतील.

नॉइज रिडक्शन लावायचंच असेल तर गाण्याआधीचा कोरा तुकडा निवडून प्रोफाइल घ्या आणि ६ डेसिबलवर थांबा. फार ओढलं की शांत जागी किलबिलाट उगवतो, तो मूळ सुस्कारीपेक्षा जास्त टोचतो.

केळीचं_पान

विषय निघालाच आहे तर माझंही बघा. माझ्याकडे वहीगायनाची (आपल्याकडच्या लोकगायनाची) एक वेव्ह आहे, ४०० एमबीची, पण ऑडॅसिटी ती शून्य सेकंदांची दाखवतं. रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली होती.

पांझरेचं_पाणी

आवाज आहे, मथळा अर्धवट आहे. वेव्हच्या सुरुवातीला लांबीचा आकडा लिहिलेला असतो आणि तो बहुधा रेकॉर्डिंग बंद करताना भरला जातो. तुमचा भरायचा राहिला. फाइल → इम्पोर्ट → रॉ डेटा. साइन्ड १६ बिट पीसीएम, लिटल एंडियन, आणि ज्या सेटिंगवर भरलं तो सॅम्पल रेट, तेवढेच चॅनल. स्टिरिओच्या जागी मोनो निवडलंत तर गाणं दुप्पट लांब आणि जाड आवाजात वाजेल, त्यावरून ओळखा. बिट किंवा एंडियन चुकलं तर पट्टाभर निळं भिंताड दिसेल. तसं दिसलं तर प्ले दाबू नका, आणि हेडफोन तर आधीच काढून ठेवा.

बोरीकाठ

बाजू ए झाली. क्रमाने केलं, लांबी ४५ मिनिटांच्या चार-पाच सेकंद पुढे आली. आत्याला फोनवरून ऐकवलं. ती म्हणाली, "हाऊ मना." मग लगेच, "दुसरी बाजूले मना आवाज कोठे शे?" बाजू बीचा वेगही त्याच गुणकाने धरू ना? आणि शेवटी जतन कशात करू?

आखाजीची_लेक

त्याच डेकवर, त्याच दिवशी झाली असेल तर धरा. पण १५०-१५९ची जोडी तिथेही एकदा तपासा, डेकचा रबरी पट्टा तापला की वेग बदलतो.

जतन फ्लॅकमध्ये. वेव्हपेक्षा बरीच लहान आणि एक थेंबही गळत नाही. मूळ वेव्ह तशाच ठेवा, दुरुस्त केलेल्यांच्या नावात "दुरुस्त" लिहा. सेव्ह प्रोजेक्ट केल्याने फक्त एयूपी३ बनते, ती ऑडॅसिटीशिवाय सहसा कुठे उघडत नाही. फ्लॅकसाठी एक्सपोर्टच करावं लागतं. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून जोडा.

कोणतं गाणं कुठे सुरू होतं, कोण उचलतं, याच्या खुणा करायच्या असतील तर ट्रॅक्समध्ये लेबल ट्रॅक आहे. मोठं काम करायचं असेल तर लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेलं सॉनिक व्हिज्युअलायझर बघा. ते एडिट करत नाही, फक्त बघायला आणि खुणा करायलाच आहे, आणि मोफत आहे.

पण खरं सांगू का, आत्यांकडे कॅसेट अजून आहे ना? मग या एमपी३वरून आलेल्या वेव्हवर फार घाम गाळू नका. चांगल्या डेकवरून पुन्हा उतरवा.

बोरीकाठ

कॅसेट आहे. पत्र्याच्या खोलीत पेटीत होती, उन्हाळे काढलेत तिने. घालू का डेकमध्ये?

भरीतभाकर

लगेच नको. आधी खिडकीतून बघ, पट्टीमागे बारीक नमद्याचा तुकडा असतो, दाबाचा. उन्हाने त्याचा गोंद सुटतो आणि तो आत पडतो. तो नसेल तर आवाज दबका आणि हलता येईल. स्क्रूची कॅसेट असेल तर दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात रिळं बदलता येतात. आणि आधी एकदा हाताने पेन्सिलीने पूर्ण पुढे-मागे फिरवून घे, पट्टी चिकटली असेल तर तिथेच कळेल.

पांझरेचं_पाणी

माझ्याकडे चालू डेक आहे, पट्टा नवीन टाकलाय. धुळ्याला आणा, समोर बसून उतरवू. नंबर इथे टाकू नका, व्यक्तिगत निरोप करा. एवढंच की आल्यावर आधी हेडचा (पट्टी वाचणाऱ्या भागाचा) कोन कॅसेटप्रमाणे जुळवावा लागेल, त्यात अर्धा तास जातो, घाईत येऊ नका.

सातपुडा_एक्सप्रेस

बाजू एची दुरुस्त फाइल इथे टाकणार का? डफ ऐकायचाय.

बोरीकाठ

आत्याला विचारून सांगतो. गाणाऱ्या इतर घरांनाही विचारावं लागेल. पांझरेचं_पाणी, निरोप केलाय. पुढच्या रविवारी जमेल का?